चमचाभर चवीसाठी

कुठल्याही दुकानाबाहेर 'आज लाइव्ह कुकिंग डेमो' असा बोर्ड दिसला की माझे पाय आपोआप तिकडे वळतात. भांड्यांचं दुकान असो, शेगड्या-ओव्हनचं शोरूम असो नाहीतर एखाद्या छोट्या हॉटेलवाल्याने रिकाम्या दुपारी ठेवलेला कार्यक्रम, मला सगळं चालतं. आता कोणी म्हणेल की अरे मोबाइलवर हवी ती रेसिपी मिळते, हवं तिथे थांबवून मागे नेऊन बघता येते, मग प्लास्टिकच्या खुर्चीत तास-दीड तास बसून लांबून दुसऱ्याचा स्वयंपाक बघायचा म्हणजे निव्वळ रिकामटेकडेपणा. असेल बुवा. पण व्हिडिओत वास येत नाही, आणि दुसरं म्हणजे व्हिडिओतला कंटाळवाणा भाग कापून टाकलेला असतो. मला नेमका तोच बघायचा असतो.

तशी प्रत्यक्ष डेमोतही लपवाछपवी भरपूर असते म्हणा. टेबलावर सगळं आधीच चिरून, मोजून, छोट्या छोट्या काचेच्या वाट्यांत मांडलेलं. ते कोणी चिरलं, किती वेळ लागला, सालं कुठे गेली, काही पत्ता नाही. मग ते लोक गोड आवाजात "फक्त दहा मिनिटांत तयार" म्हणतात, आणि आपणही मान डोलावतो. सगळ्यात भारी म्हणजे "आता हे चाळीस मिनिटं बेक करायचं" असं म्हणून कच्चं भांडं एका ओव्हनमध्ये सरकवायचं आणि त्याच दमात दुसऱ्या ओव्हनमधून तयार, सोनेरी, वाफाळतं भांडं बाहेर काढायचं. ही युक्ती सगळ्यांना माहीत असते. तरी दर वेळी टाळ्या पडतात आणि मीही वाजवतो.

कांदा मात्र कधीकधी लोकांसमोर चिरतात, खास करून सुऱ्या विकायच्या असतील तेव्हा. चिरणाऱ्याच्या डोळ्यात पाणी नाही आणि पहिल्या रांगेतले लोक अवाक. त्यात जादू काही नसते. कांद्याच्या पेशी फुटल्या की आतलं एन्झाइम आणि गंधकाची संयुगं एकत्र येतात आणि डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो, सुरी धारदार असेल तर पेशी कमी चिरडतात, वायूही कमी सुटतो. म्हणजे घरच्या बोथट सुरीला धार काढून आणली तरी बरंच काम होईल. हे अर्थातच तिथे कोणी सांगत नाही.

अजून एक गंमत. पूर्वी डेमोच्या टेबलावर तिरका आरसा टांगायचे, म्हणजे मागच्यांनाही भांड्यात काय चाललंय ते दिसायचं. आता वर कॅमेरा आणि बाजूला मोठी स्क्रीन. आणि होतं काय, की माणूस समोर उभा राहून परततोय आणि सगळे बघतायत स्क्रीनकडे! घरी बसूनही स्क्रीनच बघायची होती की. म्हणून मी मुद्दाम कडेची खुर्ची पकडतो, जिथून शेगडीची ज्योत आणि करणाऱ्याचे हात दिसतील.

कारण खरी मजा हातात असते. तोंड वेगळंच बोलत असतं, म्हणजे हे हँडल गरम होत नाही, याला पाच वर्षांची वॉरंटी, वगैरे वगैरे, आणि हात मात्र त्यांचं त्यांचं काम गुपचूप करत असतात. पॅनमध्ये तुकडे टाकले की ते एकमेकांपासून लांब सरकवणं, तेल एका बाजूला गेलं की पॅन किंचित कलता करणं, तळहात पॅनच्या वर धरून आच बघणं. मीठ किती घालायचं असं विचारलं तर म्हणतील अर्धा चमचा, पण घालताना चिमटीने घालतील, मग चाखतील, परत थोडं घालतील, परत चाखतील. रेसिपीच्या कागदावर यातलं काहीही छापलेलं नसतं. मला वाटतं हे त्यांनाही ठाऊक नसतं, इतकं अंगवळणी पडलेलं असतं.

आणि आवाज. तो तर माइकवरून बडबड चालू असतानाही नीट ऐकावा. भाजी गरम पॅनमध्ये पडली की आधी जोरात चर्र होतं, मग ओलसर फसफस सुरू होते. म्हणजे पाणी सुटतंय. हे पाणी आहे तोवर त्या भाजीचं तापमान शंभर अंशांच्या आसपास अडकून राहतं, आणि तो खमंग तपकिरी रंग यायला साधारण एकशेचाळीसच्या पुढे जावं लागतं. या रंगामागच्या रासायनिक क्रियेचं वर्णन मायार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 साली केलं, त्याचंच नाव तिला पडलंय. पण डेमो करणाऱ्याला मायार माहीत असो नसो, फसफस थांबून बारीक तडतड सुरू झाली की तो वॉरंटीचं वाक्य अर्धवट सोडून उलथनं घालतो. तो क्षण मला फार आवडतो. विकणारा माणूस दोन सेकंद गायब होतो आणि स्वयंपाकी पुढे येतो. पॅनमध्ये गर्दी करू नका असं सगळे सांगतात, पण गर्दी झाली की तडतड येतच नाही, नुसती फसफस चालू राहते, हे कानाने ऐकल्यावर जे डोक्यात बसतं ते वाचून बसत नाही.

बाकी हा विकण्याचा धंदा आजचा नाही हं. लंडनमध्ये अ‍ॅग्नेस मार्शल नावाच्या बाईंनी 1883 साली कुकरी स्कूल सुरू केलं होतं, त्या लोकांसमोर पदार्थ करून दाखवायच्या आणि सोबत स्वतःच्या नावाची आइस्क्रीम मशीन, साचे, साहित्य असं सगळं विकायच्या. नंतर गॅस कंपन्यांनीही बायकांना नोकरीवर ठेवून गावोगाव डेमो करवले, कारण कोळशाच्या चुलीची सवय असलेले लोक गॅसला घाबरायचे, शेगडी विकायची तर आधी भीती घालवायला हवी. म्हणजे आपण आज ज्या खुर्चीवर बसतो तिला दीडशे वर्षांची परंपरा आहे म्हणायला हरकत नाही.

आता ठरलेले खेळ. नॉनस्टिकवाले अंड्याचा करतात. तेलाचा थेंब नाही आणि अंडं पॅनभर घसरतंय, बर्फावर पोरं घसरावी तसं. लोक खुश. पण आच बघा, कायम मंद असते. हे टेफ्लॉन, म्हणजे पॅनवरचा तो न चिकटणारा थर, 1938 साली प्लंकेट नावाचा केमिस्ट फ्रिजमध्ये वापरायच्या गॅसवर काम करत असताना चुकून सापडलं. ते जवळपास कशालाच चिकटत नाही हे खरं, पण साधारण 260 अंशांच्या वर गेलं की खराब व्हायला लागतं, आणि रिकामा पॅन मोठ्या गॅसवर विसरला तर तिथे पोचायला फार वेळ लागत नाही. स्टीलवाले पाण्याचे थेंब टाकून दाखवतात, पॅन पुरेसा तापला की थेंब उडून न जाता गोट्यांसारखे पळायला लागतात. खाली वाफेचा पातळ थर तयार होतो आणि थेंब त्यावर तरंगतो. लाइडनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन डॉक्टरने 1756 मध्येच हे लिहून ठेवलंय, आपल्याला मात्र दुकानात अगदी ताजं वाटतं.

माझा लाडका खेळ इंडक्शनवाल्यांचा. काचेवर कागद ठेवतात, कागदावर भांडं, भांड्यात पाणी. पाणी खळाखळा उकळतं आणि कागद जसाच्या तसा. खालच्या कॉइलचं चुंबकीय क्षेत्र सारखं बदलत असतं, त्याने भांड्याच्या तळातच वीज खेळते आणि भांडं स्वतः तापतं, काच तापते ती भांड्यामुळे. इथवर सगळं खरं. पण भांड्यात नेहमी पाणीच का उकळतात बरं, तेल का नाही तापवत? कारण पाणी आहे तोवर तळही फारसा शंभराच्या पुढे जात नाही, आणि कागद करपायला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. त्या कागदावर कढईत तेल तापवून दाखवा म्हणावं. फसवणूक नाहीये ही, पण कुठला प्रयोग निवडायचा यातच विकणाऱ्याचं कसब.

प्रेक्षकांत एक काकू हमखास असतात ज्यांना हे सगळं माहीत असतं. तो काही सांगायच्या आत शेजारणीला "आता बघ झाकण ठेवेल" म्हणतात आणि तो झाकण ठेवतो. मग प्रश्नोत्तरांत त्या एकच विचारतात, "घासायचं कसं?" सगळा हॉल जागा होतो. कारण डेमोत भांडी घासणं कधीच नसतं, भांडं मागच्या मागे नाहीसं होतं आणि पुढच्या पदार्थाला दुसरं चकचकीत येतं. तळाशी करपलंय ते निघणार कसं, डिशवॉशरला चालतं का, जोराने घासलं तर कोटिंग राहील का, या प्रश्नांना उत्तर देताना त्या माणसाचा वेग एकदम कमी होतो.

शेवटी चव. कागदी कपात दोन घास, सोबत तो बोटाएवढा चमचा. इतका वेळ वास घेत बसलेल्या भुकेल्या माणसाला दोन घास वाईट लागूच शकत नाहीत. पहिले घास सगळ्यात चविष्ट लागतात, पुढे तीच चव फिकी वाटायला लागते, आणि ते पुढे येण्याआधीच कप संपलेला असतो. शिवाय फुकट खाल्लं की मनात थोडी भिडस्त भावना येते, असं नुसतं खाऊन कसं जायचं. तिथेच ऑर्डर फॉर्म घेऊन कोणीतरी हसत उभं असतं.

मी फॉर्म न भरता गर्दी पांगेपर्यंत थांबतो. माइक बंद होतो, बटणं सोडून तो माणूस पाणी पितो, आणि मग मी विचारतो, तुम्ही घरी कुठला पॅन वापरता हो? बहुतेक जण आधी इकडेतिकडे बघतात, मालक लांब आहे ना ते. मग खरं सांगतात, आणि उत्तर ऐकून मी कधी घेतो, कधी नाही.