आमची वाटचाल : नवी पेठ ते त्सो कार

2008 साली नव्या पेठेत लडाखच्या सहलींचा बोर्ड लावला, तेव्हा लोक म्हणायचे, "वाळवंटच बघायचं तर मे महिन्यात सोलापुरातच थांबा की!" पहिल्या बॅचला अकरा माणसं. त्यात जुळे सोलापूरच्या एक निवृत्त शिक्षिका. कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा बाईंनीच आणला. आमचा मेनू आजही तोच.

आमचं खरं भांडवल म्हणजे दहा लिटरचा कुकर. लडाखमधल्या त्सो कार या खाऱ्या तळ्याच्या काठी, साडेचार हजार मीटरवर, पाणी 85 अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ तासन्‌तास ठेवा, दाणा दाणाच राहतो. गॅस्केट दोन जादा न्यावीत. तिकडे आपल्या मापाचं मिळत नाही.

2013 ला आमच्याच ऑफिसात तिकिटं काढणाऱ्या गृहस्थाने पलीकडच्या गल्लीत दुकान थाटलं. कार्यक्रम आमचाच, फक्त विरळ हवेची सवय व्हावी म्हणून ठेवलेले लेहमधले विश्रांतीचे दोन दिवस कापलेले आणि दर चार हजारांनी कमी. विमानाने लेह, दुसऱ्याच दिवशी त्याहून उंचावरचं पँगाँग तळं! आमची गिऱ्हाईकं मलाच विचारायची, "हॉटेलात झोपवायचे पैसे घेता होय?" 42 पैकी 31 जागा त्याच्याकडे गेल्या. मग त्याच्या गाडीतल्या एकाच्या फुप्फुसात पाणी झालं. माणूस वाचला, पण गावभर बोभाटा झाला की लडाखला माणसं मरतात. उरलेल्या अकरांतल्या दहा जणांनी ॲडव्हान्स मागितला. चूक त्याची, पाटल्या मोडल्या माझ्या बायकोच्या. तो आता केदारनाथ करतो. भेटला की हसतो.

अकरावं नाव बाईंचं. म्हणाल्या, "मी एकटी येते, गाडी काढ." काढली. तळ्याकाठच्या पांढऱ्या पट्ट्यावर त्यांनी बोट टेकवून मीठ चाखलं. "कडवट आहे रे." तिथले चांगपा मेंढपाळ पूर्वी हेच मीठ मेंढ्यांच्या पाठीवर लादून विकायला नेत. बाई सगळं वहीत लिहीत होत्या. समोर काळ्या मानेचे दोन क्रौंच उभे होते, ते मात्र मी दाखवल्यावर दिसले.

आणि हो, त्या पांढऱ्या सालीवर गाडी घालू नका, खाली चिखल असतो. आमची एकदा तीन तास रुतली होती. उंचीच्या त्रासावरच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या, शेजाऱ्याला नको.

पुढची वर्षं बरी गेली. पहिल्या कुकरचा दांडा दोनदा बदलला. बाईंना आता डॉक्टर वर जाऊ देत नाहीत. जूनच्या बॅचच्या आदल्या दिवशी भाकऱ्यांचा डबा मात्र रिक्षाने येतो.