आपली नदी कुठली?

दुपारी तीनला शेजारच्या अक्कांची हाक आली, "नीळ्ळु वच्चिनय्!" तेलुगू न येणाऱ्यालाही सोलापुरात आमच्या पूर्व भागात एवढं वाक्य कळतंच. चार दिवसांनी नळ आलेला. पिंप, बादल्या, कळशी झाली, तरी मी चहाचं पातेलंही नळाखाली धरलं. (रिकामं भांडं दिसलं की मला चैन पडत नाही. घरचे हसतात, हसू देत.)

तेवढ्यात नात वही घेऊन आली. "आजोबा, गिरण्यांची गावं नदीकाठी असतात म्हणे. आपली नदी कुठली?"

आली का पंचाईत! सीना लांबून जाते, भीमा त्याहून लांब. पाण्याच्या जोरावर चाक फिरवणाऱ्या गिरण्या विलायतेतल्या. आमचा सगळा कारभार वाफेवर. 1860 ला रेल्वे आली, 1871 ला आदिला हा ओढा अडवून एकरुखचा, म्हणजे आपला हिप्परग्याचा, तलाव झाला, तोही शेतीसाठी. आणि 1877 ला जुनी मिल. तेव्हा ती नवीच असणार, पण आम्ही जन्मलो तेव्हापासून जुनीच.

माझे वडील गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, होते. पहिली पाळी सुटली की आई तांब्या घेऊन दारात उभी. ते ओट्यावर टेकत, आणि आम्ही भावंडं त्यांच्या भुवयांवरचा, कानातल्या केसांवरचा कापूस टिपायला झोंबायचो. ज्याला मोठा पुंजका मिळेल त्यानं तो म्हातारीसारखा फुंकून उडवायचा. साच्यांच्या खडखडाटानं त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून घरातही ते ओरडूनच बोलत. हळू बोलले की आई कपाळाला हात लावून बघायची, ताप तर नाही ना.

पुढं एकेक गिरणी बंद पडली. चादरी-टॉवेल आता यंत्रमागावर निघतात. आमच्या बोळातही दोन मागांची खटखट चालू असते. रात्री लाइट गेली, माग थांबले, की मला जाग येते.

"मग नदीचं काय लिहू?"

"नाही म्हणून लिही."

तिनं लिहिलं. मग विचारलं, "तो कापूस उडवल्यावर कुठं जायचा?"

वर, पत्र्याच्या फटीतून, मी सांगितलं. वडिलांच्या छातीत किती गेला होता, ते नाही सांगितलं.