पिच शिकवून झालं, आता ट्रान्सक्रिप्टचं बघा

शनिवार, रात्र

कुर्दी आणि तुर्कीतल्या बाकी अल्पसंख्य समाजांतल्या नवीन डॉक्युमेंटरीवाल्यांसाठी एक मेंटॉरिंग प्रोग्राम आहे, त्यात गेले काही महिने मी एडिट मेंटॉर म्हणून बसतेय, बसतेय म्हणजे मुंबईत घरी, झूमवर. आजच्या कॉलमधला निम्मा वेळ पुन्हा पिचवर गेला. सात मिनिटांत फिल्म विकायची कशी, ट्रेलर कुठे लावायचा, ही गोष्ट तुम्हीच का सांगायची आणि आत्ताच का. या पोरांनी एवढ्यात इतक्यांदा पिच केलंय की स्वतःच्या आज्जीचं दुःख त्यांना झोपेतही नेमक्या वेळात सांगता येईल. फिल्म मात्र टाइमलाइनवर तशीच पडलीय.

माझ्या वाट्याला आलेली मुलगी दियारबाकिरची, आग्नेय तुर्कीतलं मोठं कुर्दी शहर, कुर्दी लोक त्याला आमेद म्हणतात. तिची फिल्म हेझलनटच्या मजुरांवर आहे. जगातलं सगळ्यात जास्त हेझलनट तुर्कीत होतं आणि ऑगस्टमध्ये तोडणीला कुर्दी भागातून अख्खी कुटुंबं, पोरंबाळं, गाद्या, भांडी घेऊन काळ्या समुद्राकडे ओर्दू, गिरेसूनला जातात. टोळी जमवणारा एक माणूस असतो, दायबाशी. तो मजुरीतून कट घेतो, आणि हिवाळ्यात हात तंग असताना कित्येकदा आगाऊ पैसे देऊन माणसं बांधून ठेवतो. तिने हे सांगायला घेतलं आणि मी म्हटलं, थांब, हा मुकादम आहे, ही उचल आहे, मला माहितीय हा माणूस. बीडकडच्या ऊसतोडीचं फुटेज मी पूर्वी कापलंय, बहुतेक म्हणूनच आमची जोडी लावली असणार. पण हेही तितकंच खरं की आपला मुकादम आणि मजूर निदान एका भाषेत भांडतात. इथे मावशी (म्हणजे तिची सख्खी मावशी, फिल्मची हिरोईनच ती) दायबाशीशी कुर्मांजीत, म्हणजे तिच्या कुर्दी बोलीत, बोलते, दायबाशी मालकाशी तुर्कीत बोलतो, आणि मधल्यामध्ये काय गळलं ते फक्त दायबाशीला ठाऊक.

आज नेमका तोच सीन काढला. संध्याकाळ, उतारावर ताडपत्रीचे तंबू, दायबाशी मांडीवर वही ठेवून हजेरी लिहितोय, मालक शेजारी चहा पितोय आणि यंदाच्या भावावर बडबडतोय. प्रोग्रामने करून दिलेल्या ट्रान्सक्रिप्टमध्ये मालकाचं बोलणं ओळ न् ओळ उतरवलंय, आणि मावशीच्या जागी लिहिलंय, मागे अस्पष्ट आवाज. मी सहज विचारलं की मावशी काही म्हणतेय का गं. ती म्हणाली हो, ती म्हणतेय परवाचा दिवस मांडला नाहीस, लिही. मग परत म्हणते, लिही. आणि तो लिहीत नाही!! पान उलटतो. अख्खा सीन तिथे आहे, अख्खी फिल्म तिथे आहे म्हटलं तरी चालेल, आणि ट्रान्सक्रिप्ट करणाऱ्याला कुर्मांजी येत नसल्यामुळे तो आवाज झाला. आधीच्या कटमध्ये साउंडवाल्याने तो खालीसुद्धा घेतला होता, मालक नीट ऐकू यावा म्हणून. त्या साउंडवाल्याला तरी काय बोलणार, त्याच्या हातात तोच कागद होता.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की मेंटॉर मेंटॉर करताना आपण या पोरांना बाहेरच्याला समजावून सांगायला शिकवतो, आणि ज्याची खरी गरज आहे ते कंटाळवाणं काम, म्हणजे भाषा येणारा ट्रान्सक्रायबर, हार्ड डिस्कची दुसरी कॉपी ठेवायला देशाबाहेर जागा, वेळेला फोन उचलणारा वकील, याला बजेटमध्ये रकानाच नसतो. मागच्या पिचला पॅनेलवरच्या एका बाईंनी तिला सांगितलं की सुरुवातीला एक नकाशा आणि चार ओळींची पाटी टाक, कुर्द कोण ते प्रेक्षकाला कळू दे. मला तेव्हाच ते पटलं नव्हतं. 2008 ची ओरहान एस्कीकोय आणि ओझगूर दोआन यांची फिल्म घ्या, एक तुर्की मास्तर कुर्दी खेड्यात बदलून येतो, पोरांना तुर्की येत नाही, मास्तरला कुर्दी येत नाही, आणि शाळेचं एक वर्ष जातं. पोरगं फळ्याकडे बघत बसलेलं दिसतं आणि कळतं सगळं, नकाशा लागत नाही.

आणि मेंटॉर हे नाव नव्हतं तेव्हाही शिकणं चालूच होतं की. कुर्दी भाषेवर 1983 ला कायद्याने आणलेली बंदी 1991 ला उठली, त्याच वर्षी इस्तंबूलमध्ये मेसोपोटेमिया कल्चर सेंटर उभं राहिलं, आणि पुढे नव्वदच्या मध्यावर तिथेच सिनेमाचा ग्रुप जमला. काझिम ओझ, हुसेयीन काराबे असे दिग्दर्शक तिथून आले. आज तू माझ्या फिल्मला लाइट धर, उद्या मी तुझ्या फिल्मला धरतो, असा मामला. रोजावामध्ये, म्हणजे उत्तर सीरियातल्या कुर्दी भागात, 2015 ला फिल्म कम्यून निघाली, तिचाही भर एकट्या दिग्दर्शकापेक्षा मिळून काम करण्यावर. ती माणसं गावोगाव प्रोजेक्टर नेऊन पोरांना चॅप्लिन दाखवत फिरली, त्याच भागात जिथल्या आमूदे गावात 13 नोव्हेंबर 1960 ला थिएटरला आग लागून दोनशेहून जास्त शाळकरी पोरं गेली होती. तिथल्या आईबापांनी पोराला सिनेमाला पाठवणं ही किती मोठी गोष्ट असेल.

बहमान घोबादी या इराणी कुर्दी दिग्दर्शकाने 2015 मध्ये, आयसिसमुळे सीरियातलं कोबानी आणि इराकमधलं शिंगाल सोडून आलेल्यांच्या छावण्यांतल्या आठ मुलांच्या हाती कॅमेरे देऊन त्यांच्या छोट्या फिल्म्स एकत्र केल्या, त्या पुढच्या वर्षी बर्लिनच्या फेस्टिव्हललाही गेल्या. हा मेंटॉरिंगचा सगळ्यात गाजलेला नमुना. मला त्यातले काही तुकडे फार आवडतात, तरी पोस्टरवर ठळक नाव घोबादीचंच दिसणार हे जरा खुपतं. अर्थात त्या नावाशिवाय बर्लिनपर्यंत गेल्या असत्या का, तर नसत्या. असो.

वकिलाचं मी उगाच नाही म्हणत. चायान देमिरेल आणि एर्तुरुल माविओलूने तुर्की सरकारशी हत्यारं घेऊन लढणाऱ्या कुर्दी संघटनेच्या, पीकेकेच्या तळांवर, सरकारशी शांतता बोलणी चालू असताना, बाकूर नावाची डॉक्युमेंटरी केली. एप्रिल 2015 ला इस्तंबूल फेस्टिव्हलमध्ये शो होता, सांस्कृतिक मंत्रालयाचं पत्र आलं की नोंदणीचं सर्टिफिकेट नाही, शो रद्द. त्यावर कितीतरी दिग्दर्शकांनी आपापल्या फिल्म्स काढून घेतल्या आणि स्पर्धाच रद्द झाली. 2019 ला दोघांना साडेचार वर्षांची शिक्षा सुनावली, दहशतवादी प्रचार म्हणून. आणि दुसऱ्याच एका खटल्यात प्रोड्यूसर चिदेम मातेर, तिला 2022 मध्ये अठरा वर्षांची शिक्षा, 2013 च्या सरकारविरोधी गेझी आंदोलनावर फिल्म करण्याचा विचार केला होता म्हणून, जी फिल्म तिने कधी केलीच नाही!

सर्टिफिकेटचं वाचलं की मला प्रभादेवी आठवते. 2004 ला मिफने, म्हणजे मुंबईच्या सरकारी डॉक्युमेंटरी फेस्टिव्हलने, फक्त भारतीय फिल्म्सना सेन्सॉर सर्टिफिकेट मागितलं, परदेशी फिल्म्सना नाही. ओरड झाल्यावर अट मागे घेतली, पण मग सिलेक्शनमध्ये नेमक्या सरकारला अडचणीच्या फिल्म्स गळल्या. तेव्हा डॉक्युमेंटरीवाल्यांनी शेजारीच भूपेश गुप्ता भवनमध्ये विकल्प नावाचा स्वतःचा फेस्टिव्हल भरवला. मी कॉलेजात होते, तिथे जमिनीवर बसून फिल्म्स बघितल्या आणि इंटरव्हलला चहा पिताना समोरच्या दिग्दर्शकाला बिनधास्त काहीही विचारता यायचं, माझं एडिटिंगचं निम्मं शिक्षण तिथलं. हे तिला सांगितलं तर ती हसून म्हणाली, म्हणजे कागद मागायची आयडिया सगळीकडे सारखीच. आमच्यात मोठा फरक हा की मी विकल्पहून लोकल पकडून घरी आले. तिच्या शहरात 2015 च्या डिसेंबरपासून सूर या जुन्या भागात कर्फ्यू आणि रणगाडे होते, पुढच्या वर्षी निवडून आलेले महापौर काढून सरकारने प्रशासक बसवले, आणि महापालिकेच्या आश्रयाने चाललेली सांस्कृतिक केंद्रं, नाटकवाले, सगळ्यांचीच वाट लागली. म्हणजे जिथे कुणी तुला लाइट धरायला लावून शिकवेल ती जागाच गेली, आणि तिच्याऐवजी आता झूमवर मी.

रात्री आयोजकांना मेल टाकला. लिहिलं की पुढच्या पिचिंग ट्रिपमधला एक माणूस कमी करा, हवं तर मलाच वगळा, आणि त्या पैशात कुर्मांजी येणारा ट्रान्सक्रायबर घ्या आणि दोन हार्ड डिस्क. ज्यांच्या फिल्म्स झाझाकी (झाझा लोकांची भाषा), अरबी किंवा अर्मेनियनमध्ये आहेत त्यांच्यासाठीही तेच. लगेच उत्तर आलं, खूप गोड भाषेत, की सूचना मोलाची आहे पण या टप्प्यात तसं बजेट हेड नाही. नसेल. मग मी आणि तिने ठरवलं, तिचा मामेभाऊ कुर्मांजीत उतरवून काढेल, ती तुर्की आणि इंग्रजी करेल, मी टाइमकोड लावून देईन. त्याला पैसे काय द्यायचे ते अजून ठरायचंय, फुकट नाही करून घ्यायचं एवढं मी बजावलंय. हजेरीचा सीन आधी घ्यायचा, मालकाचा आवाज खाली.