फळ्यावरच्या तीन ओळी

स्मरणिका समितीतून फोन आला तेव्हा मी आधी विचारलं, किती शब्द? "दीड हजारापर्यंत चालतील. पण ताई, कृपा करून 'शाळेनं मला घडवलं' असं लिहू नका. तसे लेख ढीगभर आलेत."

म्हणून मी जिन्याखालच्या फळ्याबद्दल लिहिते. जून १९८७ ते मार्च १९९०, म्हणजे आठवी ते दहावी, त्या फळ्यावरचा दिनविशेष माझ्याकडं होता. पात्रता एवढीच की अक्षर वळणदार होतं. उंची मात्र नव्हती. शिपाईमामा गोडेतेलाचा रिकामा डबा उपडा घालून द्यायचे, त्यावर उभी राहून मी आदल्या संध्याकाळी दुसऱ्या दिवशीची तारीख लिहायची. सकाळी प्रार्थनेला रांगा लागायच्या आत फळा तयार पाहिजे.

हा सगळा उद्योग इतिहासाच्या सरांचा. त्यांना सगळी शाळा 'पंचांग' म्हणायची, अर्थात माघारी. त्यांचा नियम होता, रोज तीनच ओळी. एक घरची, एक देशाची, एक लांबची. घरची म्हणजे कोल्हापूरची, फार तर आसपासच्या चार तालुक्यांतली. एखादी ओळ नाही मिळाली तर तेवढी जागा मोकळी सोडायची. "भरायची म्हणून भरायची न्हाई," ते म्हणायचे, "मोकळी जागाबी खरं बोलती."

माझ्या वाट्याला आलेली पहिली मोठी तारीख २६ जून. घरची ओळ शोधावी लागलीच नाही. १८७४, राजर्षी शाहू महाराजांचा जन्म. लांबची सरांनी दिली, १९४५, सॅन फ्रान्सिस्कोत संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर पन्नास देशांच्या सह्या. (त्यात भारताचीही सही होती, आणि देश तेव्हा पारतंत्र्यात होता. हे कसं काय, यावर सरांनी पुढचा अख्खा तास घेतला.) मधली देशाची ओळ मी माझ्या अकलेनं लिहिली, १९७५, आणीबाणी. आमच्या घरी आबा सांगायचे ना, सकाळी रेडिओवर इंदिरा गांधींचं भाषण ऐकलं म्हणून.

सर आले, ओळ वाचली आणि डस्टर उचललं. "राष्ट्रपतींनी सही कधी केली?"

मला काय माहीत?

"पंचवीसच्या रात्री. बाराच्या आत. देशाला कळलं सव्वीसला, पण झालं पंचवीसला. ही कालची ओळ आहे."

गणिताच्या बाई जिन्यावरून उतरत होत्या, त्या थांबल्या. म्हणाल्या, अहो, लोकांच्या आयुष्यात ती सव्वीसलाच आली की! त्यावरून दोघांचं जे जुंपलं ते मधल्या सुट्टीपर्यंत शिक्षकखोलीत ऐकू येत होतं. मला आजही वाटतं, बाईंचं बरोबर होतं. पण फळा सरांचा होता.

तेव्हापासून 'बाराच्या आत की बारानंतर' हा प्रश्न माझ्या डोक्यात कायमचा घर करून बसला. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांचा. आमची आजी सांगायची, मांडणीवरची पितळी भांडी खाली आली आणि सगळी पेठ रस्त्यावर आली. पण त्या घटकेला लंडनच्या घड्याळात अजून १० डिसेंबरची रात्र होती. भोपाळचा वायू तर दोन तारखांच्या मधोमधच सुटला, २ आणि ३ डिसेंबर १९८४. ती ओळ आम्ही कुठं घातली होती ते आता आठवत नाही. बहुतेक दोन्हीकडं.

सर्वांत अवघड तारीख १ ऑगस्ट. तेव्हा त्या दिवशी आमच्या शाळेत फक्त टिळकांची भाषणं व्हायची, आणि भाषणं म्हणजे शेंगांची टरफलं. दहा मुलं उभी राहिली तर दहाही जण टरफलं उचलायला नकार देऊनच खाली बसायची. त्यात हे कोल्हापूर. वेदोक्ताच्या प्रकरणात, म्हणजे महाराजांच्या घरचे विधी वेदमंत्रांनी करायचे की नाही या वादात, टिळक कोणत्या बाजूला होते आणि महाराज कोणत्या, हे इथं पोराटोरांना माहीत असतं, त्यामुळं कौतुकाचा आवाज आपोआप जरा खालच्या पट्टीत लागायचा. सरांनी मला ओळ दिली : १ ऑगस्ट १९२०, लोकमान्य टिळकांचं मुंबईत सरदारगृहात निधन. आणि तिच्याच वर घरची ओळ : १ ऑगस्ट १९२०, अण्णाभाऊ साठे यांचा वाटेगावी जन्म.

मला वाटलं माझ्याकडून साल चुकलं. सर म्हणाले, नाही, सालही तेच. टिळक गेले मध्यरात्र उलटून चाळीस मिनिटं झाली तेव्हा, म्हणजे बारानंतर. आणि त्याच तारखेला वाळवा तालुक्यातल्या मांगवाड्यात एक मूल जन्माला आलं, जे पुढं दीड दिवस शाळेत गेलं आणि तीसावर कादंबऱ्या लिहून गेलं. त्या वर्षी प्रार्थनेनंतर भाषणं झाली ती टरफलांचीच, पण फळ्यापुढं पोरं जरा जास्त वेळ थांबली. एकजण मला म्हणाला, "दीड दिवस? मग आपण रोज कशाला येतोय?"

सरांनी आठवीतच एक गोष्ट पक्की करून दिली होती. तारीख एक असणं आणि दिवस एक असणं, या दोन वेगळ्या गोष्टी. वेगवेगळ्या सालांतल्या घटना एका तारखेखाली येतात तो निव्वळ योगायोग, एका खुंटीवर चार जणांच्या टोप्या. त्यातून अर्थ काढायला जाऊ नये. पण एकाच दिवशी, एकाच सूर्याखाली दोन गोष्टी घडल्या असतील, तर मात्र थांबून बघावं.

याचा अनुभव मला १८ नोव्हेंबरला आला. त्या वर्षी दिवाळी लवकर आली होती, म्हणून सुट्टी संपून शाळा सुरू झालेली. एरवी ही तारीख सुट्टीतच जायची. (सुट्टीत फळा कोरा. त्यामुळं पुढं दहावीत बर्लिनची भिंत पडली, ९ नोव्हेंबर १९८९, ती आमच्या फळ्यावर कधी आलीच नाही. त्याचं सरांना माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.) तर १८ नोव्हेंबरला घरच्या ओळी एक सोडून दोन. १९०१, व्ही. शांताराम यांचा जन्म. ते तेव्हा हयात होते, म्हणून शेवटी 'आज ८६ वर्षे पूर्ण' असंही लिहिलं. आणि १९६२, शिवाजी विद्यापीठाचं राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते उद्‌घाटन. म्हणजे त्या दिवशी विद्यापीठाला बरोबर पंचवीस वर्षं होत होती. लांबची ओळ मजेची निघाली. १९२८, न्यूयॉर्कमध्ये मिकी माउसचा 'स्टीमबोट विली' पहिल्यांदा पडद्यावर. पुढच्याच वर्षी, १ जून १९२९ ला, आपल्या गावात प्रभात फिल्म कंपनी निघाली. प्रभातच्या बोधचिन्हात तुतारी फुंकणारी बाई. सर म्हणाले, तिकडं उंदीर, इकडं तुतारी.

विद्यापीठाची ओळ मी आबांना मोठ्या दिमाखात सांगितली. आबा तेव्हा उद्यमनगरात एका फाउंड्रीत होते. ते म्हणाले, "मी गेलो होतो की. सायकलवरनं." त्यांना भाषण आठवत नव्हतं. आठवत होता पांढरा फेटा, लांब कोट आणि आपण किती मागं उभे होतो ते. आपल्या गावात विद्यापीठ आलं, आता पोरांना पुण्याला जायला नको, एवढंच त्या गर्दीत सगळे बोलत होते म्हणे. रविवार होता, त्यामुळं कामावर खाडाही पडला नाही.

दुसऱ्या दिवशी मी हे सरांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "देशाची ओळ काय लिहिलीस?" ती जागा मी मोकळी सोडली होती, नियमाप्रमाणं. सरांनी माझ्या हातातला खडू घेतला आणि पुसून गेलेल्या तारखेच्या जागी स्वतः लिहिलं : १८ नोव्हेंबर १९६२, रेझांग ला.

मी ते नाव पहिल्यांदा ऐकत होते. लडाखमध्ये चुशूलजवळ, सोळा हजार फुटांहून उंच खिंड. मेजर शैतान सिंग आणि १३ कुमाऊंची चार्ली कंपनी, बहुतेक सगळे हरियाणातले अहीर जवान. पहाटे हल्ला सुरू झाला. सुमारे १२० जणांतले ११४ तिथंच पडले. त्यांचं काय झालं हे देशाला नीट कळायला पुढचं वर्ष उजाडलं, बर्फात एका मेंढपाळाला मृतदेह दिसले तेव्हा. गोठलेले, आपापल्या खंदकात, काहींच्या हातात अजून शस्त्र.

"तुझे आबा सायकल मारत होते," सर म्हणाले, "त्याच दिवशी."

मी घरी आले आणि आबांना सांगितलं. माझी अपेक्षा काय होती कोण जाणे. ते हातपाय धूत होते. धूतच राहिले. मग म्हणाले, "आमास्नी कुणी सांगितलंच न्हाई." चीनचं युद्ध चालू आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, बायका संरक्षण निधीला दागिने देत होत्या, त्याच महिन्यात यशवंतराव संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले. पण त्या नेमक्या दिवसाचं कुणाला माहीत असणार? नंतर कितीतरी वर्षं विद्यापीठाचा विषय निघाला की आबा राधाकृष्णन यांचा फेटा सांगायचे आणि मग जरा थांबून, "पर त्या दिशी तिकडं..." असं म्हणून गप्प व्हायचे. त्यांची एक चांगली आठवण मी बिघडवली की पुरी केली, याचा निकाल मला लावता आलेला नाही.

आता कबुलीजबाब. नववीत डिसेंबरमधल्या एका संध्याकाळी मला घरची ओळ मिळेना. मैत्रिणी रंकाळ्यावर जायला खोळंबल्या होत्या. मी ठोकून दिलं, 'आजच्या दिवशी १८९१ मध्ये कोल्हापुरात पहिली आगगाडी आली.' सर सकाळी आले. काही बोलले नाहीत. ओळीपुढं लाल खडूनं प्रश्नचिन्ह काढलं आणि शिपाईमामांना सांगितलं, एवढी ओळ पुसायची नाही. बाकीच्या तारखा रोज बदलत होत्या आणि माझी आगगाडी लाल प्रश्नचिन्हाला धरून तिथंच उभी! चौथ्या दिवशी मी रडवेली होऊन करवीर नगर वाचन मंदिरात गेले. जुन्या पुस्तकांची धूळ खात दोन रविवार बसले. साल योगायोगानं बरोबर निघालं, १८९१च. पण महिना एप्रिल. मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "मग पूस." रागवले असते तर मी विसरून गेले असते.

त्या वाचनालयातच मला माझा सर्वांत मोठा शोध लागला, आणि तो मात्र खरा होता. १९०२ साली शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले होते. समारंभ ठरला होता २६ जूनला, म्हणजे नेमका महाराजांच्या वाढदिवसाला. दोन दिवस आधी राजाच्या पोटाचं ऑपरेशन करावं लागलं आणि समारंभ लांबला तो ९ ऑगस्टवर. या दोन तारखांच्या मधे, महाराज परदेशात असताना, २६ जुलै १९०२ ला इकडं करवीरच्या गॅझेटात हुकूम निघाला की यापुढं रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या, शंभरात पन्नास, मागासलेल्या वर्गांतल्या लोकांनी भरायच्या. मी धावत सरांकडं गेले. त्यांनी माझी वही दोनदा वाचली. म्हणाले, "ही खुंटीवरची टोपी न्हवं. हा धागा आहे." तीन वर्षांत मला मिळालेली एवढी एकच शाबासकी.

त्यामुळं २६ जुलै मी विसरू शकत नाही, आणि नंतर ती विसरायची सोयही उरली नाही. २००५ साली मी मुंबईत नोकरीला होते. मंगळवार होता. दुपारी ऑफिस सोडलं आणि सायनजवळ बस पाण्यात अडकली ती रात्रभर. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हे दुसऱ्या दिवशी कळलं. बसमध्ये फोन लागत नव्हते, शेजारची बाई जप करत होती आणि मी मनातल्या मनात फळा लिहीत होते. घरची, १९०२. देशाची, १९९९, कारगिल. लांबची, १९५६, इजिप्तच्या नासरनं सुएझ कालवा ताब्यात घेतला. मग आणखी एक लांबची, १९५३, क्युबात कॅस्ट्रोचा मोंकाडाच्या बराकींवर हल्ला. काचेपलीकडं पाणी चढत होतं. तिकडं पंचगंगाही चढतच होती, पण राजाराम बंधाऱ्याचं पाणी किती फुटांवर आहे हे मुंबईतल्या बसमध्ये मला कोण सांगणार? सकाळी कमरेएवढ्या पाण्यातून चालत निघाले.

गेली काही वर्षं मी पुन्हा कोल्हापुरात आहे. सर आता मुलाकडं पुण्यात असतात. पंच्याऐंशी ओलांडली, कान जरा कमी झालेत.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री मी गच्चीवर गेले तर खासबागेच्या अंगाला आभाळ लाल झालेलं. केशवराव भोसले नाट्यगृह. महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर, १९१५ चं. आपल्या शाळेची किती स्नेहसंमेलनं तिथं झाली! नववीत त्याच रंगमंचावर मी एका नाटकात भालदार होते आणि माझी मिशी दुसऱ्या अंकात गळून पडली होती. पेठेतली माणसं रस्त्यावर उभी होती, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. गायक-नट केशवरावांची तारीख मला पाठ होती, तीन वर्षं लिहिली होती. ९ ऑगस्ट १८९०. खाली क्रांतिदिन, १९४२. त्याखाली नागासाकी, १९४५.

मी सरांना फोन लावला. इतक्या रात्री लावू नये हे तेव्हा सुचलं नाही.

"सर, केशवराव जळतंय."

बराच वेळ पलीकडून काही नाही. मला वाटलं ऐकू गेलं नसेल, म्हणून परत सांगितलं.

"ऐकलं," सर म्हणाले. "किती वाजता लागली?"

"दहाच्या आसपास, सर."

"म्हणजे बाराच्या आत."

"हो."

"मग उद्याच्या फळ्यावर ती घालू नको. उद्या त्यांचा जन्म आहे. तेवढंच लिही."