शेवटच्या बाकावरची माळकरीण

मंगळवेढ्याच्या माळकरी घरात वाढलेली मी, यजमानांच्या बदलीमुळे सोलापुरात आले आणि आम्हाला परवडेल असे घर मिळाले ते रेल्वे स्टेशनच्या बाजूला, जवळजवळ सगळी ख्रिस्ती बिऱ्हाडे असलेल्या एका गल्लीत. शहरात ख्रिस्ती समाज संख्येने थोडा असला तरी त्या गल्लीत थोडे होतो ते आम्हीच. आमची घरमालकीण निवृत्त परिचारिका असून सारी गल्ली तिला सिस्टर म्हणते, त्यामुळे आम्हीही सिस्टरच म्हणू लागलो. आडनावे म्हणाल तर जाधव, गायकवाड, साळवे अशी ओळखीचीच. बोलणे आमच्यासारखेच, भाकरी आमच्यासारखीच थापलेली, शेंगाचटणीवर तेवढेच प्रेम. मग वेगळे वाटण्यासारखे होते तरी काय, असा प्रश्न गावाकडचे लोक विचारतात आणि त्याचे उत्तर श्रद्धेपेक्षा वेळापत्रकात अधिक सापडते असे माझे मत झाले आहे.

त्या गल्लीचा आठवडा रविवारभोवती फिरतो. शनिवारी संध्याकाळी साड्यांना इस्त्री होते, मुलांकडून शब्बाथशाळेचे, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाचे, बायबलमधले वचन पाठ करून घेतले जाते, मंगळवारी कोणाच्या तरी घरी प्रार्थना असते, शुक्रवारी महिला मंडळ भरते, आणि लग्नापासून कर्जापर्यंतच्या सगळ्या बातम्या उपासनेनंतर चर्चच्या आवारात उभ्या उभ्या कळतात. तिथे नसलेल्या माणसाला कोणी टाळत नाही. फक्त त्याला काहीच माहीत नसते. सुरुवातीला मला नेमके हेच जड गेले. दोन घरांपलीकडच्या मुलीचा साखरपुडा झाल्याचे मला पुढच्या आठवड्यात दूधवाल्याकडून समजले, आणि त्यात कोणाच्या मनात काही नव्हते, कारण निरोप द्यायचा तो चर्चमध्ये जाहीर झालाच होता.

या कोंडीतून वाट काढून दिली ती सोलापूरच्या नळाने. इथे पाणी रोज येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येते, आणि त्याची पाळी रविवारी सकाळी आली की गल्लीची मोठीच पंचाईत होत असे, कारण नेमकी तीच उपासनेची वेळ. पूर्वी प्रत्येक घरातून एक जण मागे थांबायचा. एका शनिवारी सिस्टर किल्ली घेऊन आली आणि ‘‘तुला जायचं नाहीच, तर आमची टाकी तेवढी भरून घेशील का?’’ असे तिने सरळ विचारले. हळूहळू आणखी किल्ल्या येऊ लागल्या. कोणाची मोटर हाताने ढकलल्याशिवाय सुरू होत नाही, कोणाच्या पिंपाला खाली बारीक चीर आहे, कोणाच्या स्वयंपाकघरात क्रूसाशेजारी आजोबांचा पागोट्यातला फोटो टांगलेला आहे, हे सगळे मला पाण्यामुळे कळले. लोक चर्चला गेलेले असताना त्यांच्या घरात एकटीने वावरण्याइतका विश्वास मिळाला, आणि त्यासाठी मला एकही वचन पाठ करावे लागले नाही.

नंतर मी चर्चमध्ये जाऊ लागले ती मुलीमुळे. नाताळच्या नाटिकेत मेंढपाळ कमी पडत होते. तिला घेण्याआधी सिस्टरने मला दोनदा विचारले, ‘‘घरी सांगितलंस का? तुझ्या सासूबाईंना चालेल का? नंतर कोणी काही म्हणायला नको.’’ तिच्या आवाजातली ती सावधगिरी मला आजही आठवते. बाहेरच्या माणसाला वाटते की संकोच फक्त आपल्यालाच आहे. प्रत्यक्षात एका हिंदू घरातल्या मुलीला प्रार्थनेच्या जागी बोलावताना त्या लोकांना किती तऱ्हेचे विचार करावे लागतात, याची कल्पना आपल्याला नसते. सासूबाईंनी फोनवर ‘‘बाटवतील हो पोरीला’’ असे म्हटलेच, पण डोक्याला टॉवेल गुंडाळलेल्या मेंढपाळाचे फोटो पाहिल्यावर तो टॉवेल सोलापुरीच आहे ना, एवढीच चौकशी त्यांनी केली.

तेव्हापासून महिन्यातल्या एखाद्या रविवारी, पाण्याची पाळी नसेल तर, मी शेवटच्या बाकावर जाऊन बसते. तिथल्या बायका प्रार्थनेला डोक्यावर पदर घेतात. हरिपाठाला आई घेते तसाच. पेटी आणि तबल्यावर गाणे सुरू झाले की चाल माझ्या ओळखीची असते, कारण त्यातली बरीच पदे रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आहेत आणि टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावरही अभंग आणि ओवी सोडली नाही. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते म्हणत. वारकऱ्याच्या कानाला हे वाक्य आधी गोड लागते आणि मग थोडे टोचते, कारण पूल ओलांडणारा पलीकडे गेलेला असतो आणि आम्ही अलीकडेच राहतो. मला वाटते, ते टोचणे बरेच आहे. चाल ओळखीची निघाली म्हणून गाण्यातला देव माझा झाला, असे मी धरून चालणे हा त्यांच्यावर आणि टिळकांवरही अन्याय होईल.

प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण करण्याच्या, रविवारी हा प्रश्न अगदी हाताशी येतो. भाकरीचे तुकडे आणि द्राक्षरसाचे इवलेसे पेले ठेवलेले तबक बाकाबाकांवरून फिरते आणि ते बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठीच असते. मी ते दोन्ही हातांनी धरते आणि शेजारणीकडे देते. पाहुणी म्हणून भिडेपोटी तुकडा उचलावा, असे मला कधी वाटले नाही आणि कोणी सुचवलेही नाही. उलट बाजूने पाहिले तर आमच्या सत्यनारायणाला सिस्टर आली, बसली, मुलीचे कौतुक केले, पण प्रसाद घेतला नाही. मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्याबद्दल बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात जे म्हटले आहे ते तिने मला नीट समजावून सांगितले आणि पुढे म्हणाली, ‘‘पूजेआधी बाजूला काढलेला शिरा असेल तर दे. शिरा मला फार आवडतो.’’ आता दर वर्षी एक वाटी आधी निघते. तिच्याकडून नाताळच्या फराळात करंज्या, चकल्या येतात आणि बिनअंड्याचा केक वेगळ्या डब्यात येतो.

याउलट आमच्याकडे आलेल्या एका नातलगाने सिस्टरसमोर बसून ‘‘अहो, सगळे देव एकच, नावं तेवढी वेगळी’’ असे मोठ्या उदारपणे सांगितले तेव्हा तिचा चेहरा मिटल्यासारखा झाला. हे वाक्य आपल्याकडे सभ्यतेचे समजले जाते, पण मला ते आता आवडत नाही. अमेरिकन मराठी मिशन या धर्मप्रसारक संस्थेचे लोक एकोणिसाव्या शतकात नगर-सोलापूर भागात आले तेव्हा त्यांच्याकडे गेलेली असंख्य कुटुंबे गावकुसाबाहेरची होती; सिस्टरच्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा भाऊबंदांनी त्यांच्याशी बोलणे टाकले होते. पुढे १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. म्हणजे जात गावाने लक्षात ठेवली आणि सवलत मात्र गेली. ज्या घराने एका देवासाठी एवढे मोजले, त्या घराला ‘सगळे एकच’ असे सांगणे म्हणजे ते मोजणे फुकट गेले असे म्हणण्यासारखे आहे.

आणि हे मी मंगळवेढ्याची असून बोलते आहे. चोखोबा आमच्याच गावी, कोसळलेल्या भिंतीखाली सापडून गेले आणि त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर, देवळाच्या बाहेर आहे. दलितांना विठ्ठलाच्या मंदिरात जाता यावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. चर्चमधल्या शेवटच्या बाकावर मी बसते ती माझ्या मर्जीने, दार उघडे असताना, आणि लोक पुढे या म्हणत असताना. या दोन बाहेरपणांची तुलना करण्याचा हक्क मला नाही, हे तिथे बसल्यावर जेवढे कळते तेवढे कीर्तनात बसून कळले नव्हते.

हंगामाचा सण हा मात्र माझ्या अगदी आवडीचा. शेतातले, परसातले, घरातले जे असेल ते लोक चर्चमध्ये आणतात आणि उपासनेनंतर आवारात त्याचा लिलाव होतो. एखादा दुधी भोपळा बोलीवर बोली चढत बाजारभावाच्या कितीतरी पट जातो, घेणारा तो पुन्हा दान करतो आणि लिलाव पुन्हा सुरू होतो. कोंबडा मध्येच सुटतो आणि वडीलजन त्याच्यामागे धावतात. यंदा मी माहेरची मालदांडी ज्वारी नेली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, हे लिलाव पुकारणाऱ्याने परस्पर जाहीर करून टाकले आणि भाव वाढवला. पाळकसाहेबांनी सगळ्या दानांवर आशीर्वाद मागितला तेव्हा माझ्या पायलीवरही मागितला गेला. मला त्यात काही वावगे वाटले नाही. धान्य दिल्यावर त्याचे काय करायचे ते घेणाऱ्याने ठरवावे.

मुलीचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. मैत्रिणी मोठ्या होऊन प्रभुभोजन घेऊ लागतील तेव्हा मी का घ्यायचे नाही, असे तिने परवा विचारले. तू सज्ञान झालीस की तुझे तू ठरव, तोवर तबक पुढे द्यायचे, असे मी सांगितले. यजमानांना यातला पहिला अर्धा भाग मान्य नाही. शब्बाथशाळा यंदापुरती चालू ठेवायची आणि आषाढीला तिला पंढरपूरला न्यायचे, इथपर्यंत आमचे जुळले आहे. पुढचे बोलणे सासूबाई दिवाळीला आल्यावर व्हायचे आहे.