आई-बाबांना घेऊन रोम: काही कामाच्या गोष्टी

मे महिन्यात आई-बाबांसोबत रोमला जाऊन आले. दोघंही सत्तरीच्या आसपास, आई पूर्ण शाकाहारी आणि बाबांचे गुडघे कुरकुरणारे. त्यामुळे हे सगळं त्या हिशोबाने लिहिलंय. तरुण मंडळींनी हवं ते गाळावं. माझ्या मते रोममध्ये पाकिटाइतकंच घड्याळ सांभाळावं लागतं. सकाळी आठला जी जागा निवांत असते तिथे अकराला पाय ठेवायला जागा नसते.

राहायला आम्ही टर्मिनी स्टेशनजवळ होतो. टर्मिनी म्हणजे रोमचं दादर. मेट्रोच्या ए आणि बी या मुख्य लाइन तिथेच एकमेकींना छेदतात, विमानतळाची गाडीही तिथूनच सुटते. परिसर देखणा नाही, पण ज्येष्ठांसोबत असताना देखणेपणापेक्षा कमी पायपीट बरी. हॉटेल बुक करताना लिफ्ट आहे का ते विचारून घ्या, कारण जुन्या इमारतींत पहिला मजलाही बराच उंच असतो. शहराचा पर्यटक कर बहुतेक वेळा बुकिंगमध्ये धरलेला नसतो. तो माणशी, दर रात्रीप्रमाणे हॉटेलवरच द्यावा लागतो.

बस-मेट्रोचं साधं तिकीट दीड युरोचं, १०० मिनिटं चालतं. तेवढ्या वेळात बस हव्या तितक्या बदला, मेट्रोचा प्रवास मात्र एकदाच. बँकेचं कार्ड थेट गेटवर टेकवलं तरी चालतं, पण एका कार्डावर तिघं जाऊ शकत नाहीत. प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं आणि परदेशातले व्यवहार भारतातूनच चालू करून घ्यायला हवेत. टर्मिनीहून व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस खिसेकापूंसाठी बदनाम आहे. पाठीवरची सॅक पोटावर घ्या आणि मोबाइल मागच्या खिशात ठेवू नका. तिकिटाच्या मशीनपाशी कोणी न बोलावता मदतीला आलं, किंवा कलोसियम या प्राचीन रंगमंडळाबाहेर कोणी हातात दोरा बांधू लागलं, तर सरळ पुढे चालू लागा. नुसतं थांबलं तरी पैसे मागतात.

कलोसियमचं तिकीट अधिकृत साइटवर ३० दिवस आधी खुलं होतं. त्यावर नाव असतं, म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा. शेजारचे प्राचीन अवशेष, म्हणजे फोरम आणि पॅलेटाइन टेकडी, त्यातच येतात, पण तिथे सावली फार कमी. व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद असतं. अपवाद महिन्याच्या शेवटच्या रविवारचा. त्या दिवशी प्रवेश फुकट, आणि म्हणूनच मी तो टाळेन. व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स या मोठ्या चर्चमध्ये प्रवेशाला पैसे नाहीत, फक्त सुरक्षा तपासणीची रांग असते. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. आईची साडी तिथे अगदी बिनतक्रार चालली, अडवलं ते हाफ पॅंटवाल्यांना. बुधवारी सकाळी पोपच्या दर्शनाचा कार्यक्रम असतो, तेव्हा तिकडे फिरकू नका. सेंट पीटर्सच्या घुमटावर जायच्या ५५१ पायऱ्या आहेत. लिफ्ट घेतली तरी ३२० उरतात, आणि शेवटचा जिना इतका अरुंद की मध्येच मागे फिरणं अवघड. बाबा खालीच थांबले.

आता पाण्याबद्दल, कारण याने आमचे खरंच पैसे वाचले. रस्तोरस्ती ओतीव लोखंडाचे बुटके नळ दिसतील, वाकड्या नाकासारखी तोटी असलेले. त्यांना नासोने म्हणतात, १८७० च्या दशकापासून ते आहेत. पाणी थंडगार, अखंड वाहणारं आणि पिण्याजोगं. तोटीच्या वरच्या बाजूला एक बारीक भोक असतं. खालचं तोंड बोटाने दाबून धरलं की त्या भोकातून कारंजासारखी धार उडते, मग वाकायची गरज नाही. बाबांना हे एका रोमन आजोबांनी खुणेने शिकवलं, आणि त्यानंतर प्रत्येक नळापाशी थांबणं आलंच. बाटली घरूनच न्या.

दुपारी ऊन तापलं की चर्चमध्ये शिरा, मात्र बरीच चर्च जेवणाच्या वेळी बंद असतात ते पाहून ठेवा. पियात्झा नवोना या चौकाजवळच्या सान लुइजी देइ फ्रांचेझी चर्चमध्ये काराव्हाज्जो या चित्रकाराची तीन मोठी चित्रं आहेत, तीही विनातिकीट. पॅंथिऑन या प्राचीन मंदिराला मात्र २०२३ पासून तिकीट आहे.

शाकाहारींसाठी सगळ्यात सोपं म्हणजे पिझ्झा अल तालियो. मोठ्या तव्यातला पिझ्झा, हवा तेवढा कापून, वजनावर. किती हवा ते हाताने दाखवायचं. बटाटा आणि रोजमेरीचा आईला फारच आवडला. पास्त्यात कार्बोनारा आणि अमात्रिचाना दोन्हींत डुकराचं मांस असतं. काचो ए पेपे म्हणजे फक्त चीज आणि मिरी, पण त्या पेकोरिनो चीजमध्ये कोकराच्या पोटातलं विरजण वापरतात, तेव्हा कडक पाळणाऱ्यांनी टोमॅटोचाच पास्ता मागावा. घरची आठवण अनावर झाली तर पियात्झा व्हित्तोरियोजवळच्या एस्क्विलिनो मंडईत जा. बांगलादेशी दुकानदारांकडे भेंडी, कोथिंबीर, मिरच्या सगळं मिळतं. कॉफी काउंटरपाशी उभ्याने प्या, टेबलावर बसलात की तीच कॉफी महाग होते.

संपाची चौकशी रोज करा. रोममध्ये वाहतुकीचे संप बरेचदा शुक्रवारी असतात. त्या दिवशीही सकाळी साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी पाच ते आठ बस-मेट्रो ठरल्याप्रमाणे धावतात, बाकी वेळेची खात्री नाही. परतीच्या दिवशी संप आला तर विमानतळासाठी टॅक्सी धरा, शहराच्या मध्यवर्ती भागातून तिचं भाडं ठरलेलं असतं. एरवी लिओनार्दो एक्सप्रेस ही विमानतळाची गाडी अर्ध्या तासात पोचवते, पण टर्मिनीला तिचा प्लॅटफॉर्म पार एका टोकाला आहे. बॅगा घेऊन ज्येष्ठांसोबत चालायला पंधरा मिनिटं जास्तीची ठेवा.