पाव इंच माया

नवं कोरं कापड विकत घ्यायचं, त्याचे साडेचार इंची चौकोन कापायचे आणि तेच चौकोन पुन्हा एकमेकांना जोडायचे. घरी फोनवर हे सांगितलं की पलीकडून हमखास विचारणा होते, "मग फाडलंस कशाला?" प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे लुगडं विरलं की गोधडी सुरू होते. इथे पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत क्विल्टची, म्हणजे इकडच्या गोधडीची, सुरुवात दुकानातल्या थानापासून होते, आणि चांगल्या सुती थानाचा भाव वाराला बारा ते चौदा डॉलर असतो.

न्यू जर्सीच्या एडिसन भागातून गाडीने दोन-सव्वादोन तासांत लँकेस्टरला पोचता येतं. चौघी-पाचजणींनी मिळून जावं आणि शनिवारीच जावं. आमिश आणि मेनोनाइट या इथल्या ख्रिस्ती पंथांच्या मंडळींची दुकानं रविवारी बंद असतात. रोख पैसे जवळ ठेवावेत. आमिश माणसांचे फोटो मात्र काढू नयेत, त्यांच्या श्रद्धेला ते मानवत नाही.

कापड इथे अजून वारावर मिळतं. आपण मीटरवर गेलो, वार उरला तो नऊवारीत. पण हिशेबाला आपली भाषा इथेच खरी कामी येते. पाव, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन: इथल्या बायकांना तीन-चार शब्द जोडून जे सांगावं लागतं, ते आपण एका शब्दात सांगतो.

थानाची रुंदी 44 इंच लिहिलेली असली तरी काठ सोडून 42 इंचच धरावी. पाव वार सरळ कापून घेतला तर 9 × 42 ची पट्टी हाती येते आणि तिच्यातून 10 इंचाचा चौकोन निघत नाही. त्यासाठी 'फॅट क्वार्टर' घ्यावा. कापड तेवढंच, पण 18 × 21 च्या आसपास चौकोनी. काठावर छापलेले रंगाचे गोल ठिपके असतात, ती पट्टी जपून ठेवावी. कापड कमी पडलं तर तोच रंग शोधायला ती लागते.

आधी ठरवून न गेलेली बाई दुकानात भरकटते, म्हणून हिशेब घरूनच करून न्यावा. 48 × 60 इंचाच्या क्विल्टसाठी 12 इंचाचे वीस ठोकळे लागतात. प्रत्येक ठोकळ्यात नऊ चौकोन, पाच गडद आणि चार फिके. चौकोन 4½ इंचाचा कापायचा म्हणजे शिवून 4 चा उरतो. 42 इंचाच्या पट्टीत असे नऊ बसतात. गडद शंभर हवेत, त्याला बारा पट्ट्या, म्हणजे 54 इंच; पावणेदोन वार घ्या. फिके ऐंशी हवेत, त्याला नऊ पट्ट्या, म्हणजे 40½ इंच. सव्वा वार घ्या. गोटासाठी अडीच इंची सहा पट्ट्या, अर्धा वार. अस्तर चारही बाजूंनी 4 इंच जास्त हवं, म्हणजे 56 × 68. इथे पुष्कळजणी फसतात. सांधा उभा घेतला तर 68 इंचाचे दोन तुकडे लागतात, जवळजवळ चार वार. तोच आडवा घेतला तर 56 चे दोन तुकडे पुरतात आणि सव्वातीन वारात भागतं. सगळं मिळून पावणेसात वार. तेरा डॉलरने 88 च्या आसपास झाले, मधला कापूस आणि दोरा वेगळा.

मैत्रिणी हव्यात त्या रंगांसाठी. आपल्याला गडद वाटलेलं कापड दुसरीला मध्यम वाटतं. निवडलेली थानं शेजारी ठेवून मोबाइलवर काळापांढरा फोटो काढावा. दोन कापडं एकाच करड्या छटेची दिसली तर नक्षी उठणार नाही, मग ती एकमेकांत कितीही शोभून दिसोत.

आता मायेबद्दल. शिवणीसाठी सोडलेल्या कापडाला आपण माया म्हणतो आणि ब्लाउजला ती सढळ सोडतो, पुढे उसवून सैल करता यावं म्हणून. क्विल्टला ती नेमकी पाव इंच लागते, खरं तर त्याहून केसभर कमी, कारण शिवण दुमडताना कापडाची जाडी थोडी माप खाते. सुतार पाव इंचाला दोन सूत म्हणतात. माया दोनाऐवजी अडीच सूत झाली तर दोन्ही बाजूंचं अर्धं-अर्धं मिळून प्रत्येक जोडाला एक सूत जातं. एका ओळीत बारा चौकोन, जोड अकरा. म्हणजे अकरा सूत, जवळजवळ दीड इंच गायब. एकटीच शिवत असेल तर सगळंच सारखं लहान होतं आणि निभावतं. चौघींनी पाच-पाच ठोकळे वाटून घेतले तर एकीचा कडेची माया धरून 12½ भरतो, दुसरीचा 12¼, आणि कोपरे जुळत नाहीत.

म्हणून प्रत्येकीने आधी दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या जोडून इस्त्रीने दाबाव्यात. इस्त्री घासू नये, उचलून ठेवावी. घासली की कापड उरेप ताणतं. मधली पट्टी बरोबर 1 इंच भरली तर मशीन ठीक. एवढा काटेकोरपणा मला या देशात फार आवडला. इथे कसबाची कदर होते.

तरी गोधडीला कमी लेखलेलं मला सहन होत नाही. गोधडीत मोजपट्टी नसते, पण कडेकडेने आत सरकत जाणारा दाट धावदोरा सगळे थर असा धरून ठेवतो की वर्षानुवर्षं धुऊनही आतलं जागचं हलत नाही. इथला कापूस मात्र पाकिटावर लिहिलेल्या अंतराच्या आत टाके नसतील तर धुण्यात गोळा होतो. आणि जुन्यातून नवं करणं अमेरिकेलाही परकं नाही. अलाबामातल्या जीझ बेंड गावच्या मिसूरी पेटवे यांनी वारलेल्या नवऱ्याच्या कामाच्या कपड्यांचं क्विल्ट 1942 साली शिवलं. तिथल्या बायकांच्या क्विल्टची 2006 साली टपाल तिकिटं निघाली. आपली वाकळ तिकिटावर कधी येणार?

नव्या कापडावर पैसे घालते म्हणून बोलणाऱ्यांना एवढंच सांगते, की इथे घरात जुनं सुती पातळ साठतच नाही. सण-समारंभाला नेसतो त्या साड्या रेशमी, त्यांची गोधडी होत नाही.

आईकडून एखादं सुती पातळ आलंच तर ते अस्तराला लावावं. साडेपाच मीटरमधून 56 इंचाचे दोन तुकडे निघून वर भरपूर उरतं. आधी ओला पांढरा फडका घासून रंग सुटतो का बघावं. मग खळ घालून कडक इस्त्री करावी, कारण विरळ विणीचं कापड मशीनखाली सरकतं. सुई 70 नंबरची. निऱ्यांच्या घडीवर विरलेला भाग टाळावा. पदर कापू नये. पुढच्या खेपेला पाळण्यातलं दुपटं शिवायचं असेल तेव्हा तो लागेल.